विज्ञान हाच ज्ञान मिळवण्याचा एकमेव मार्ग आहे का?

नाही. मी गणित शिकवते आणि याच प्रश्नावरून स्टाफरूममध्ये माझी भौतिकशास्त्राच्या सरांशी कायम जुंपलेली असते. त्यांचं पालुपद ठरलेलं: "प्रयोगाने पडताळता येत नाही ते ज्ञान नाही, नुसतं मत."

एकदा तास संपता संपता ते माझ्या वर्गात आले आणि मुलांसमोर हेच ऐकवलं. मी खडू त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, कुठलीही संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. १ घेतला, ४३ आले. २ घेतल्यावर ४७, ३ ला ५३, ४ ला ६१. सगळ्या मूळ संख्या. मुलांना चेव चढला. १० ला १५१, २० ला ४६१, त्याही मूळच! "सर, नियम मान्य?" "एवढं जुळतंय म्हटल्यावर मान्यच." ३९ पर्यंत जुळत गेलं, १६०१ सुद्धा मूळ. मग ४० घेतले. १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. वर्गात जो काही हशा पिकला!

उलट मूळ संख्या कधीच संपत नाहीत हे युक्लिडने दोन हजारांवर वर्षांपूर्वी बसल्या जागी सिद्ध केलं. मूळ संख्यांची हवी तेवढी लांब यादी करा, सगळ्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवा. यादीतल्या कशानेही भागा, बाकी १ उरणारच. म्हणजे यादीबाहेर मूळ संख्या आहेच. कुठे आहे यात प्रयोग?

"गणित हे विज्ञानाचंच हत्यार," इति सर. बरं. मग "ज्ञान फक्त विज्ञानानेच मिळतं" हे वाक्य कुठल्या प्रयोगशाळेत तपासलं? इथे त्यांना नेमका पुढचा तास आठवतो.

न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय तत्त्वज्ञानात, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं) आणि शब्द (जाणकाराचं सांगणं) अशी चार प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, मानलेली आहेत. सर शब्दप्रमाणाला हसतात. पण २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडला हे त्यांनी तरी कुठे स्वतः पाहिलं? सर्न या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांच्या शब्दावरच विसंबले ना! मीही विसंबते, त्यात गैर काही नाही.

हां, एक राहिलंच. कुणा बाबाला ध्यानात काही दिसलं तर तेही ज्ञान, असं मी म्हणत नाहीये. औषध लागू पडतं का, पूल भार पेलेल का, हे चाचणी घेऊनच ठरवायचं. तिथे मी सरांच्या बाजूने. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिकही कुणाचाही शब्द प्रमाण मानत नाहीत, आप्ताचाच मानतात, म्हणजे ज्याला विषय कळतो आणि जो खरं बोलतो त्याचा. यावर सर म्हणणार, आप्त कोण हे शेवटी पडताळूनच ठरवणार ना? पडताळायचंच. पण प्रत्येक पडताळणी म्हणजे प्रयोग नव्हे. साक्षीदाराची उलटतपासणी घेणारा वकील काय परीक्षानळी घेऊन उभा असतो?