एका सिंहस्थाएवढा प्रश्न

नाशिक

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल काल रात्री वाचली. आज सकाळी गोदेकाठी फिरून आलो तरी ती डोक्यातून जाईना. तुझा एच-इंडेक्स तीन, बरोबरीच्या मित्राचा अकरा, आणि खाली तुझा प्रश्न : "सर, माझं काही चुकतंय का?"

नाही, चुकत नाही. पण तो आकडा काय मोजतो ते एकदा नीट बघ. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली तो सुचवला. तीन पेपरांना प्रत्येकी किमान तीन सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या पेपरांतले उल्लेख, मिळाली की एच-इंडेक्स तीन. पेपर कुणी लिहिला आणि दोनशे नावांत शंभरावं नाव कुणाचं, हे त्यात कुठेच येत नाही. तुझा मित्र आकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणाच्या गटात आहे, तिथे पेपर भराभर निघतात आणि सगळ्यांची नावं लागतात. त्याच्या कामाला कमी लेखू नकोस. गाया या युरोपीय अंतराळ दुर्बिणीने अब्जाहून अधिक तारे मोजले म्हणून तर तुझ्या ताऱ्यांची अंतरं आपल्याला इतकी नेमकी माहीत आहेत.

तुझ्या संशोधनाचा प्रश्न मात्र वेगळ्या चालीचा आहे : दूरच्या ताऱ्यांभोवती गुरूसारखे लांब फेरीचे ग्रह शोधायचे. आठवतं, मार्च २०१६ मध्ये तू नववीत होतीस आणि पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर गुरूचे चार चंद्र पाहिले होतेस? सिंहस्थ चालू होता, गुरू सिंहेत होता. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणून आपल्याकडे कुंभमेळा बारा वर्षांनी भरतो. दुसऱ्या ताऱ्याभोवती असाच गुरू शोधायचा तर त्याची एक फेरी पुरी होईपर्यंत थांबावंच लागतं. मायोर आणि केलोझ या खगोलशास्त्रज्ञांना १९९५ साली ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह सापडला, त्याची फेरी ४.२ दिवसांची आणि त्याच्या ओढीने ताऱ्याचं मागेपुढे डोलणं सेकंदाला पन्नास मीटरहून जास्त. आपला गुरू सूर्याला हलवतो सेकंदाला जेमतेम साडेबारा मीटर वेगाने, तेही बारा वर्षांत एकदा. त्यात सूर्याच्या डागांचं चक्र सुमारे अकरा वर्षांचं, आणि ताऱ्यांवरची अशी चक्रंही डोलण्याचा भास निर्माण करतात. ग्रहामुळे होणारं डोलणं कुठलं आणि ताऱ्याच्या चुंबकत्वाची धाप कुठली, हे सहा महिन्यांच्या निरीक्षणांवरून कुणालाही सांगता येणार नाही.

इथे मला खगोलशास्त्रज्ञ ऑलिन विल्सन आठवतात. आपल्या वेणू बापूंबरोबर १९५७ साली ज्यांनी ताऱ्याच्या वर्णपटातल्या कॅल्शियमच्या के रेषेची रुंदी आणि ताऱ्याची तेजस्विता यांचा संबंध दाखवला, तेच हे. १९६६ साली त्यांनी माउंट विल्सन वेधशाळेत सूर्यासारखे तारे घेऊन त्याच कॅल्शियम रेषांचं तेज पुन्हा पुन्हा मोजायला सुरुवात केली. इतर ताऱ्यांनाही सूर्यासारखी चक्रं असतात का, एवढाच प्रश्न. ९१ ताऱ्यांच्या चढउतारांचा मोठा पेपर आला १९७८ साली. मोजून बारा वर्षं, म्हणजे एक सिंहस्थ. तेव्हा सूर्यासारख्या ताऱ्याचा एकही ग्रह ठाऊक नव्हता. आज तू ग्रहामुळे होणारं डोलणं आणि ताऱ्याची धाप वेगळी करायला बसतेस ती त्याच रेषा उघडून.

सायटेशन्सकडे पाठ फिरव असं मी म्हणत नाही. तुला नोकरी हवी आहे, घरी आई-बाबा विचारतात, हे मला कळतं. पण बेरीज बघू नकोस, तुला कुणी आणि कशासाठी उद्धृत केलं ते बघ. प्रत्येक पेपर उघडून ते वाक्य वाच. प्रस्तावनेत दहा नावांच्या रांगेत तू उभी आहेस, की तुझ्या तक्त्यातला वेग उचलून कुणी स्वतःचं गणित पुढे नेलंय? माझा सर्वाधिक उद्धृत पेपर म्हणजे एक आढावा, त्यातली माझी पानं चार. रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या आवर्तकालांचा माझा तक्ता नऊ वर्षं कुणी उघडला नव्हता. मग एका अनोळखी विद्यार्थ्याने त्यातली एक चूक कळवली. त्याने ओळ न् ओळ तपासली होती. त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

आणि सायटेशन चुकीच्या कामालाही मिळतं. व्हान द काम्प या खगोलशास्त्रज्ञाने बार्नार्डच्या ताऱ्याला ग्रह असल्याचं १९६३ साली सांगितलं, वर्षानुवर्षं त्यावर चर्चा झाली. दोष निघाला दुर्बिणीच्या भिंगातल्या फेरफारांत. तेव्हा तुझ्या वर्णपटमापकाची दुरुस्ती झाली की तारीख वहीत लिहीत जा. आळस करू नकोस.

पोटापाण्यासाठी कमी फेरीच्या ग्रहांवर वर्षाला एक पेपर लिही, पहिली लेखिका म्हणून. लांबच्या निरीक्षणांचे तक्ते त्रुटींसकट खुले कर. अर्जात एच-इंडेक्स मागितला तर तीन लिही, आणि खाली दोन ओळींत प्रत्येक पेपरमुळे काय कळलं ते लिही. समितीतला एक तरी माणूस ते वाचतो. मी अशा समित्यांवर बसलोय.

या ऑक्टोबरअखेर गुरू पुन्हा सिंहेत येतोय. दिवाळीला घरी येशील तेव्हा तुझ्या लांब फेरीच्या ताऱ्यांची यादी आण. नरकचतुर्दशीला अभ्यंगाआधी गच्चीवर जाऊ, पहाटे तो मघेजवळ दिसेल. काकूंनी तुझ्यासाठी अनारशाचं पीठ आधीच करायचं ठरवलंय.

तुझे,
सर