हरिहर किल्ल्याच्या खड्या पायऱ्या चढताना आधी छाती धडधडते की आधी भीती वाटते?

आपल्याला वाटतं, आधी भीती. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1884 मध्ये उलटंच मांडलं होतं: आधी शरीर हलतं, ते जाणवलं की आपण त्याला भीती म्हणतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननने 1927 मध्ये त्याला छेद दिला. मांजरांच्या अवयवांकडे जाणाऱ्या अनुकंपी (धोक्यात शरीराला सज्ज करणाऱ्या) नसा काढल्या, तरी ती फिस्कारतच राहिली. शिवाय धडधड राग, भीती, आनंद सगळ्यांत सारखीच. मग ओळखायचं कसं?

मला सर्वात पटतो तो 1974 चा डटन आणि ॲरन यांचा कॅनडातला प्रयोग. 70 मीटर उंचीवरच्या झुलत्या पुलावर एका तरुणीने पुरुषांची मुलाखत घेऊन आपला फोन नंबर दिला. तो घेणाऱ्या 18 पैकी 9 जणांनी नंतर फोन केला, भक्कम पुलावरच्या 16 पैकी फक्त 2 जणांनी. पुलाची धडधड पोरीच्या खात्यावर जमा! (नमुना लहान, हे खरं.)

म्हणजे त्या खड्या पायऱ्यांवर तुमची अर्धी धडधड निव्वळ चढाची असू शकते, मेंदू तिला भीतीचं नाव देतो. खोबणीत हात घट्ट रोवा, थांबा, श्वास सावकाश सोडा. उच्छ्वासात ठोके मंदावतात. पावसाळ्यात मात्र ती भीती खरी समजा.