कौशल्यांसाठी प्रयोग थांबवावे लागत नाहीत

प्रश्न : मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करत आहे, तिसरे वर्ष चालू आहे. प्राध्यापकपद मिळेलच याची खात्री नाही, म्हणून लेखन, सादरीकरण, प्रोग्रॅमिंग आणि प्रकल्प व्यवस्थापन यांचे अभ्यासक्रम करावेत असे वाटते. मार्गदर्शक मात्र म्हणतात, आधी प्रयोग पूर्ण करा. मी काय करावे?

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे आणि मार्गदर्शकांचे म्हणणेही डावलण्यासारखे नाही. चार अभ्यासक्रमांत एकदम नाव घालून प्रमाणपत्रे जमवण्यापेक्षा, तुमच्या संशोधनाला आज ज्याची गरज आहे असे एक कौशल्य निवडावे आणि ते त्याच कामावर शिकावे, असे मी सुचवेन.

माझ्या मते सुरुवात लेखनापासून व्हावी. सगळे प्रयोग संपले की लिहायला बसू, ही समजूत फार महागात पडते. कारण तुलनेसाठी लागणारा एखादा नियंत्रण प्रयोग राहून गेला आहे किंवा एखादे मोजमाप एकदाच घेतले आहे, हे पुष्कळदा लिहिताना ध्यानात येते, आणि तिसऱ्या वर्षी ध्यानात आलेली उणीव भरून काढता येते, तर शेवटच्या वर्षी कदाचित तो नमुनाही शिल्लक नसतो. म्हणून आलेख तयार झाला की त्याचे विवेचन त्याच आठवड्यात लिहा, मग ते अर्धे पान का असेना.

बोलण्याच्या सरावासाठी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 मध्ये सुरू केलेल्या ‘थ्री मिनिट थीसिस’ या संशोधन-सादरीकरणाच्या स्पर्धेचा नियम घ्या : 3 मिनिटे आणि एकच स्थिर स्लाइड. दुसऱ्या विषयातील मित्रासमोर बोला. तो जिथे अडवेल, तिथे तुम्ही पारिभाषिक शब्दावर विसंबून स्पष्टीकरण टाळले आहे, असे समजा. प्रोग्रॅमिंग मात्र सध्या गरजेपुरतेच शिका : प्रत्येक नमुन्यासाठी तीच आकडेमोड हाताने करत असाल, तर तेवढ्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहा.

राहिले व्यवस्थापन. उपकरणांच्या पाळ्या लावणे, रसायने वेळेत मागवणे, नवख्या विद्यार्थ्याला तंत्र शिकवणे ही कामे तुम्ही करत असालच. संशोधक ती बायोडेटात लिहीत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते. शोधनिबंधातील प्रत्येकाचा वाटा सांगण्यासाठी अनेक नियतकालिके ‘क्रेडिट’ ही वर्गवारी वापरतात. तिच्यात 14 भूमिका आहेत आणि लेखन, विदा (डेटा) सांभाळणे, सॉफ्टवेअर, देखरेख, प्रकल्पाचे प्रशासन, निधी मिळवणे ही सारी त्यांत येतात. या भूमिका एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकीसमोर स्वतः केलेले एखादे काम लिहा.

तो कागद मार्गदर्शकांसोबतच्या पुढच्या बैठकीला न्या. अभ्यासक्रमाची परवानगी मागण्याऐवजी रिकाम्या राहिलेल्या एका जागेवर बोट ठेवा आणि त्यासाठी नेमके काम मागा : येत्या शोधनिबंधाचा पहिला मसुदा मला लिहू द्या, किंवा पुढच्या निधी-प्रस्तावातील कार्यपद्धतीचा भाग माझ्याकडे द्या. अशी विनंती त्यांच्याही कामाची असल्यामुळे ती मान्य होण्याची शक्यता अधिक आहे.