धार्मिक श्रद्धेमुळे खरंच मतं पडतात, की पक्षच श्रद्धेचा वापर करून घेतात?

तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण श्रद्धा आपण होऊन मतपेटीपर्यंत जात नाही, तिला कुणीतरी बोट धरून नेतं. मी स्वतः श्रद्धाळू आहे, म्हणून हे मला जास्त लागतं.

अमेरिकेतलं बघा. जिमी कार्टर हाडाचे भाविक, चर्चमध्ये रविवारचे बायबलचे वर्ग घेणारे. १९८० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्यासमोर रोनाल्ड रेगन होते, हॉलिवूडचे माजी नट आणि घटस्फोटित. भक्ती बघून मतं पडत असती तर कार्टर सहज निवडून आले असते. तरी इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल काटेकोरपणे मानणाऱ्या प्रोटेस्टंट मतदारांचा मोठा गट रेगनकडे गेला. आदल्याच वर्षी जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली होती. गर्भपात, शाळेतली प्रार्थना हे विषय लावून धरत तिने चर्चला जाणाऱ्यांची मतदार म्हणून नोंदणी करवून घेतली. करसवलत घेणाऱ्या चर्चला तिथे १९५४ च्या कायद्याने उमेदवाराचा प्रचार करायला बंदी घातली होती. ऑगस्ट १९८० मध्ये डलासच्या मेळाव्यात रेगन धर्मोपदेशकांना म्हणाले, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. कायदा कुठेच मोडला नाही आणि जे पोचायचं ते पोचलं.

१९६० चं प्रकरण वेगळं. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी कॅथलिक, म्हणून हा पोपचं ऐकेल अशी भीती घातली गेली. ह्यूस्टनला जाऊन त्यांनी प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर त्याला उत्तर दिलं. कॅथलिकांनी मात्र त्यांना भरभरून मतं दिली. ती मतं धर्मतत्त्वाला पडली असं मला वाटत नाही. आपला माणूस म्हणून पडली. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ७ न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्मही त्यात येतो. निकाल मला पटतो. पण तो वाद होता मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचा. निकाल येईपर्यंत ती विधानसभा जाऊन दोन दशकांवर काळ लोटला होता.