आईला डिमेन्शिया आहे, पनवेलच्या केअर होममध्ये ठेवलंय. ती आता मला ओळखत नाही. ठाण्याहून दर रविवारी जाऊन काय उपयोग? आशा तरी कशाची धरायची?

बरं होण्याची आशा धरू नका, डिमेन्शिया सहसा उलटा फिरत नाही. पण आईची आजची दुपार बरी जावी, ही आशा खोटी नाही आणि ती बरीचशी तुमच्या हातात आहे.

शक्यतो सकाळची ट्रान्स-हार्बर लोकल पकडा. संध्याकाळी अशा रुग्णांची घालमेल बरेचदा वाढते. "मी कोण, सांग बघू?" ही परीक्षा तर घेऊच नका. मेथीची जुडी न्या, शेजारी बसून निवडा. नाव विसरलेले हात देठ बरोबर खुडतात, कारण हातांची सवय बरीच उशिरापर्यंत टिकते. जुनी भावगीतं लावा, आई ओळ पुरी करेल कदाचित.

तिथल्या मावशींना आईच्या सवयी लिहून द्या: चहा बशीत लागतो, आंघोळीआधी देवाला हात जोडायचे असतात, वगैरे. तुम्ही नसताना तेच कामी येतं.

एक महत्त्वाचं. दोन-चार दिवसांत आई अचानक बिघडली, भलतंच बरळू लागली, तर "आजार वाढला" म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नवं औषध यांतलं काहीही असू शकतं आणि त्यावर उपचार असतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

"आईला टाकलं" म्हणणाऱ्या नातेवाइकांना एक रविवार सोबत न्या. फारसं कुणी येत नाही म्हणा! बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416. मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत.