भुताटकीच्या रहस्यकथेत शेवटी भूत खरे ठरवावे की त्यामागे माणूस निघावा?

आपला पेच असा दिसतो की भूत खरे ठेवले तर सुशिक्षित वाचक हसेल आणि माणूस निघाला तर आपल्याला फसवले म्हणून चिडेल. कथेची सुरुवात कशी करावी, हेही आपण विचारले आहे. सुरुवातीचे नंतर पाहू. पेचाबद्दल मात्र मला बरेच सांगायचे आहे, कारण माझ्या एका कथेतला हाच पेच मला न विचारता दुसऱ्याच कोणीतरी सोडवून टाकला होता. दोन्ही शेवट चालतात, फक्त कोणता ते पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी ठरलेले असावे लागते, कारण कथेतला प्रत्येक दुवा त्या निर्णयावर उभा असतो.

रहस्यकथेत भूत नकोच, हे मत जुने आहे. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये गुप्तहेरकथेसाठी दहा नियम घालून दिले आणि त्यांतल्या दुसऱ्याच नियमाने अलौकिक शक्तींना बाहेरचा रस्ता दाखवला. हे गृहस्थ स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, ही त्यातली गंमत. नियमामागचे कारण रास्त आहे, कारण भिंतीतून आरपार जाणारा खुनी एकदा मान्य केला की बंद खोलीचे कोडेच उरत नाही. पण या युक्तिवादात भुताला काहीही करता येते असे गृहीत धरलेले आहे आणि आपल्याकडच्या भुतांना ते मुळीच लागू पडत नाही. आपले भूत नियमांनी हातपाय बांधलेले असते. मुंज झाली, पण सोडमुंज होण्यापूर्वी जो मुलगा गेला त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेल्या बाईची अलवंतीण होते. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो आणि तो पाणी सोडत नाही. ज्याचा जीव पैशात किंवा वाड्यात अडकला, त्याचा समंध होऊन तो तिथेच घुटमळतो. थोडक्यात, भुताचा प्रकार कळला की मेलेले माणूस कोण होते, कोणत्या वयाचे होते आणि कसे मेले, हे कळते. तपास करणाऱ्याला आणखी काय हवे असते? एवढी तयार सामग्री हाताशी असताना आपले लेखक पांढरी साडी आणि मोकळे केस यांपलीकडे जात नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

हे सारे कुठे वाचावे, असे कोणी विचारले तर मी एन्थोवेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने संकलित केलेल्या कोकणातील लोकसमजुतींच्या टिपणांकडे बोट दाखवतो. ती १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची मूळ सामग्री जमवली होती नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी, ज्यांना अनंत कान्हेरे यांनी १९०९ मध्ये नाट्यगृहात गोळ्या घातल्या. गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेल्या उत्तरांतून ती टिपणे तयार झाली आहेत आणि त्यांतली भुते एखाद्या दप्तरातल्या नोंदीसारखी कोरडी वाटतात. लेखकाच्या उपयोगाचा आहे तो हा कोरडेपणाच.

आता माझ्या कथेविषयी. कोकणातल्या एका घराच्या मागे पिंपळ होता आणि त्या घरात तिन्हीसांजेला काहीतरी जाणवते, अशी गावात बोलवा होती. सगळे म्हणत की मुंजा आहे. वारसनोंदीच्या कामासाठी गावात आलेला एक तरुण तलाठी त्या घरी उतरतो आणि संध्याकाळी त्याला माजघराला लागून असलेल्या बंद खोलीतून ओवा आणि बाळंतशेपांच्या धुरीचा वास येतो. त्या घरात कित्येक वर्षांत पाळणा हललेला नव्हता. तलाठ्याच्या बहिणीचे बाळंतपण नुकतेच झालेले असल्यामुळे बाजेखालच्या शेगडीचा तो वास त्याच्या नाकात बसलेला असतो. मुंज झालेल्या पोराच्या भुताला धुरीचे काय काम, एवढाच प्रश्न त्याला पडतो आणि तिथून कथा चालू लागते. गाव नमुना सहा-क, म्हणजे वारसांची नोंदवही, तो उघडून पाहतो. धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोचे नाव वारस म्हणून लागलेलेच नसते. ती नवऱ्याआधीच माहेरी वारली, असा थोरल्या दिराचा जबाब तेवढा असतो. प्रत्यक्षात ती विधवा झाली तेव्हा गरोदर होती, तिचे मूल जमिनीचा वाटेकरी होणार होते, आणि कळा सुरू झाल्यावर दिराने सुईणीला बोलावूच दिले नव्हते. मुंज्याची बोलवाही त्यानेच उठवली होती, कारण मुंजा म्हटले की लोक पिंपळाकडे बघतात, त्या खोलीकडे कोणी बघत नाही.

ही कथा मी एका दिवाळी अंकाला पाठवली आणि ती स्वीकारल्याचे पत्रही आले. अंक हातात पडल्यावर पाहतो तो शेवटी दोन परिच्छेद माझे नसलेले. त्यांत असे उघड झाले होते की घर पडक्या भावात मिळावे म्हणून दीरच रोज संध्याकाळी चोरून त्या खोलीत शेगडी पेटवून ओवा टाकत होता. मी फोन केला तेव्हा संपादक अत्यंत सौजन्याने म्हणाले, “अहो, आपला वाचक सुशिक्षित आहे. भूत खरे ठेवून आपण अंधश्रद्धा पसरवायची का?”

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी तेव्हा ऐकून घेतले नाही, म्हणून ते इथे देतो. ज्या माणसाने बाळंतिणीचा जीव जाऊ दिला आणि ते लपवण्यासाठी वहीत खोटा जबाब दिला, तो आपल्याच हाताने बाळंतिणीच्या खोलीचा वास गावभर का सोडील? घर अगोदरच त्याच्या ताब्यात असताना त्याचा भाव पाडण्यात त्याचा फायदा कोणता? पुढे एका वाचकाने पोस्टकार्डावर नेमके हेच विचारले की लोकांना पळवायचेच होते तर दिराने कुजका वास का सोडला नाही. संपादकांनी ते कार्ड माझ्याकडे उत्तरासाठी पाठवून दिले! स्पष्टीकरण वैज्ञानिक असले म्हणजे ते तर्कशुद्ध होतेच, असे नाही. माझ्या कथेतले भूत तर्काला धरून वागत होते, त्यांच्या दोन परिच्छेदांतला माणूस नव्हता.

आपल्याला यातून घेण्यासारखे एवढेच की भूत खरे ठेवायचे असेल तर त्याला बोट दाखवू द्यावे, पण पुरावा देऊ देऊ नये. माझ्या कथेत वासाने काहीच सिद्ध होत नाही, सिद्ध होते ते वहीतून आणि म्हाताऱ्या सुईणीच्या तोंडून. भूत स्वप्नात येऊन खुन्याचे नाव सांगू लागले की समजावे, लेखक दमला आहे. विल्यम होप हॉजसन यांनी १९१० च्या सुमारास कार्नाकी नावाच्या भूतशोधकाच्या कथा लिहिल्या, त्यांत कधी माणसाची लबाडी निघते तर कधी खरोखरच काहीतरी अमानवी असते. या वेळी काय निघेल हे वाचकाला आधी कळत नाही आणि त्या कथांची निम्मी भीती तिथेच आहे.

माणूस काढायचा असेल तर भानामतीच्या प्रकरणांचा अभ्यास करावा, असे मी म्हणेन. घरात कपडे आपोआप पेटतात, अन्नात घाण सापडते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरांत जाऊन चौकशी करत आले आहेत आणि बहुधा घरातलेच, कोंडमारा झालेले कोणीतरी त्यामागे निघते. रहस्यकथेच्या दृष्टीने यात वेळेचा एक मोठा फायदा दडलेला आहे. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडले की लगेच पेट घेत नाही, थोडा वेळ जातो आणि तेवढ्यात हात लावणारा खोलीबाहेर निघून जाऊ शकतो. बिब्ब्याचे तेल लागल्यावर फोड उठायलाही वेळ लागतो, कधी दुसरा दिवस उजाडतो. म्हणजे करणी दिसण्याची वेळ आणि ती करण्याची वेळ वेगळी असते, आणि सगळ्यांदेखत ओसरीवर बसलेला माणूसही संशयित ठरू शकतो. माळ्यावर चालणारे उदमांजर आणि रात्री किंचाळणारे गव्हाणी घुबड ही स्पष्टीकरणे पहिल्या दोन प्रकरणांतच वापरून संपवावीत. शेवटी घुबड निघाले तर वाचकाने पुस्तक फेकून दिले तरी त्याला दोष देता येणार नाही.

भुताच्या प्रकारांची वर सांगितलेली ओळख सगळीकडे सारखी नसते, हेही इथे नोंदवायला हवे. गावागावात नियम बदलतात आणि मुंजा व्हायला मुळात मुंज व्हावी लागते, म्हणजे जातही त्यात येतेच. एका गावची समजूत निवडावी आणि ती शेवटपर्यंत पाळावी. खऱ्या गावातले खरे घर झपाटलेले म्हणून दाखवू नये आणि कथेतल्या चेटकिणीला ओळखीच्या एखाद्या एकट्या बाईचे रूप तर मुळीच देऊ नये, कारण अशा कुजबुजीने बायकांना मारहाण झालेली आहे आणि त्यासाठी २०१३ मध्ये महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. संपादकांची चिंता निराधार होती, असे मी म्हणत नाही. तिचा उपाय माझ्या शेवटात नव्हता, एवढेच.

सुरुवातीबद्दल विचारलेत, तर ती कुठूनही करावी, फक्त अमावास्येच्या रात्री पावसात गाडी बंद पाडू नये. आणि कथा कुठेही पाठवताना सोबतच्या पत्रात स्वच्छ लिहावे की शेवटात बदल करायचा असल्यास लेखकाची लेखी संमती घ्यावी, नाहीतर कथा परत पाठवावी. परत येणाऱ्या कथेसाठी तिकीट लावलेले पाकीट मी आजही सोबत जोडतो.