वाचकांचे प्रश्न : जूनमधला बर्फ ओलांडताना

प्रश्न : माझे वय ४८ आहे. आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी जाण्याचा माझा नेम आहे, त्यामुळे रोज वीस-बावीस किलोमीटर चालण्याची भीती वाटत नाही. येत्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर उत्तराखंडातील धौला गावातून निघून, रुपिन खिंड ओलांडून हिमाचलातील सांगल्याला उतरण्याचा बेत आहे. बर्फ मी आजवर केवळ चित्रांत पाहिला आहे. आयोजक "थोडा बर्फ लागेल" एवढेच सांगतात. नेमकी काळजी कशाची घ्यावी, आणि सोलापुरात राहून तयारी काय करावी?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपली वारीची सवय ही खरोखर मोठी जमेची बाजू आहे. काल कितीही चालणे झालेले असले तरी आज पुन्हा वाटेला लागणारे शरीर आणि वेळेवर आवरून निघण्याची शिस्त, या दोन्ही गोष्टी हिमालयात उपयोगी पडतात. मात्र बर्फावर चालणे हे निराळे कौशल्य आहे, आणि तेथे पायांतील ताकदीपेक्षा घड्याळाला अधिक महत्त्व असते. पहाटे रात्रीच्या थंडीने बर्फाचा पृष्ठभाग काचेसारखा टणक झालेला असतो. त्यात बूट रुतत नाही आणि घसरलेला माणूस सहजी थांबत नाही. ऊन चढू लागले की वरचा थर किंचित मऊ होऊन पाऊल नीट बसते. दुपारनंतर मात्र तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत आणि कधी मांडीपर्यंत आत जातो, वरून सुटे दगड येऊ लागतात आणि उन्हाने तापलेल्या तीव्र उतारावरील ओला बर्फ सरकून खाली येण्याचा धोका वाढतो. म्हणूनच खिंडीच्या दिवशी जाणकार मंडळी अंधार असतानाच मुक्काम सोडतात आणि दुपार होण्याआधी माथा ओलांडतात. आयोजकांना आपण दोनच प्रश्न विचारावेत : त्या दिवशी किती वाजता निघणार, आणि किती वाजेपर्यंत माथा न गाठल्यास परत फिरणार? दुसऱ्या प्रश्नाचे नेमके उत्तर ज्यांच्यापाशी नाही, त्यांच्याबरोबर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुपिन खिंड सुमारे ४६५० मीटर उंचीवर असून तिची शेवटची चढण एका अरुंद, उभ्या नाळेतून, म्हणजे दोन कड्यांमधील घळीतून आहे. सह्याद्रीतील नाळेत हाताला दगड किंवा कातळाची कड तरी लागते. येथे जूनच्या आरंभी नाळ बर्फाने भरलेली असते आणि धरण्यासाठी काहीही नसते. अशा जागी पुढच्या माणसाने पाडलेल्या पायऱ्यांतच पाऊल ठेवावे. पायरी नसेल तर बुटाचे टोक दोन-तीन वेळा जोराने मारून निम्मा बूट मावेल एवढी खाच करावी, तिच्यावर हळूहळू भार टाकून पाहावा आणि मगच दुसरा पाय उचलावा. उतरताना याउलट टाच आधी रोवावी. भीतीने मागे रेलण्याचा मोह होतो, परंतु रेलल्यामुळेच पाय सुटतो. शरीराचा भार पायांच्या सरळ वर ठेवावा. बुटांवर चढवायचे दातेरी मायक्रोस्पाइक्स मध्यम उतारावर चांगला आधार देतात, पण ते उभ्या आणि टणक बर्फासाठी बनवलेले नाहीत, हे विसरू नये.

आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फावर वापरायची कुऱ्हाड, हातात असली आणि ती वापरता येत नसली, तर तिचा उपयोग काठीपुरताच उरतो. घसरताच पालथे व्हावे, एका हाताने कुऱ्हाडीचे डोके व दुसऱ्याने दांडा पकडून तो छातीवर तिरका धरावा, कुऱ्हाडीच्या डोक्याचे टोक खांद्याजवळ बर्फात दाबावे आणि छातीचा सगळा भार त्यावर टाकावा. पायांत क्रॅम्पॉन (टणक बर्फासाठी बुटांखाली बांधायचे लांब, धारदार दाते) नसतील तर बुटांची टोकेही रुतवावीत; क्रॅम्पॉन असतील तर पाय वर उचलावेत, कारण दाते अचानक अडकल्यास माणूस उलटा फेकला जातो. हे वाचून जमत नाही. खिंडीच्या आधीच्या मुक्कामाजवळ, खाली सपाटी असलेल्या छोट्या उतारावर, गाईडच्या देखरेखीखाली पुन्हा पुन्हा घसरून याचा सराव करावा. वेग पकडण्याच्या आत, पहिल्या क्षणातच थांबता आले पाहिजे.

नदीवरील हिमपुलांचा धोका मला त्याहूनही अधिक वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. या दरीत जूनमध्येही काही ठिकाणी नदी बर्फाखालून वाहते. पाणी आणि त्यावरून वाहणारी हवा बर्फ खालून पोखरत असते. वरून मात्र तो पांढरा आणि भक्कम दिसतो. मधोमध खोलगट झालेला, राखाडी पडलेला, कडांना चिरा गेलेला किंवा खालून पाण्याचा आवाज स्पष्ट येणारा पूल टाळावा. गाईडने काठीने ठोकून पाहिल्यावर एकेकानेच, अंतर ठेवून जावे. फोटोसाठी मध्ये थांबू नये. बर्फातून वर आलेल्या काळ्या खडकांपासूनही दूर राहावे. खडक उन्हाने तापतो आणि त्याच्या भोवतीचा बर्फ आतून वितळून पोकळी तयार होते. उघडे ओढे सकाळीच ओलांडावेत, कारण दिवसभर वितळलेल्या बर्फाचे पाणी संध्याकाळपर्यंत वाढत जाते.

उन्हाची आपल्याला सवय आहे, असे सोलापूरकरांना वाटणे स्वाभाविक आहे. पण ताजा बर्फ अतिनील किरणांचा सुमारे ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतही त्वचा भाजते. डोळ्यांचे तसेच आहे. साध्या गॉगलने भागत नाही. बाजूंनी झाकलेला, गडद काचांचा चष्मा ढगाळ हवेतही घालावा. हिमांधतेचा त्रास काही तासांनी, बहुधा रात्री तंबूत सुरू होतो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते.

थंडीचा हिशेबही समजून घ्यावा. उंचीबरोबर तापमान दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. सोलापूर सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे. म्हणजे केवळ उंचीमुळे खिंडीत जवळजवळ २७ अंशांचा फरक पडतो, आणि वारा व ओले कपडे यांचा परिणाम त्याहून वेगळा. ज्या गावात टॉवेल विणले जातात, तेथल्या माणसाला सूत पाणी कसे धरून ठेवते हे सांगायला नको. अंगालगत सुती कपडा मुळीच नको. लोकरीचा किंवा सिंथेटिक असावा आणि त्यावर पाणी-वारा अडवणारे जाकीट असावे. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर खराब हवामानात सापडून, आपल्या शेजारच्या कर्नाटकातून गेलेल्या ९ जणांचा मृत्यू झाला. तोही जूनच्या पहिल्या आठवड्यातच. सोबतीण अडखळू लागली, शब्द जड झाले, बटण लावता येईना, तर तिला आडोशाला नेऊन कोरडे कपडे व गरम गोड पेय द्यावे. बधिर, पांढुरकी पडलेली बोटे बर्फाने किंवा हातानेही चोळू नयेत.

उंचीचा सराव सोलापुरात होत नाही. तो वाटेवरच करावा लागतो. ३००० मीटरनंतर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वर नेऊ नये. घरी मात्र बरेच काही करता येईल. तेच बूट घालून, पाठीवर सात-आठ किलो वजन घेऊन जिने चढावेत आणि विशेषतः उतरावेत, कारण वारीच्या सपाट रस्त्यावर उतरण्याचे स्नायू तयार होत नाहीत. जाड हातमोजे घालून नाडी बांधणे, चेन लावणे, बाटली उघडणे हेही करून पाहावे. खिंडीत बोटे उघडी पडतात ती अशाच किरकोळ कामांसाठी.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ ऑक्टोबरमध्ये नेपाळातील अन्नपूर्णा प्रदक्षिणेला जाणार आहोत. पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असते, तर बर्फाची वेगळी तयारी लागेल का?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : लागेल. या वाटेवरील थोरोंग ला ही खिंड ५४१६ मीटर उंच आहे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ धडकले आणि दोनच दिवसांत त्याच्या अवशेषांमुळे याच खिंडीच्या परिसरात प्रचंड हिमवृष्टी झाली. हिमवादळ आणि हिमस्खलनांत ४० हून अधिक माणसे दगावली. तेव्हा ऑक्टोबरमध्ये अन्नपूर्णेचा अंदाज पाहताना बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांच्या सूचनाही पाहाव्यात. मोठी हिमवृष्टी झाली तर ती थांबल्यावरही लगेच निघू नये. नव्या बर्फाचे थर पहिल्या एक-दोन दिवसांत अधिक सुटतात, आणि तेही मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. तोवर खिंडीअलीकडच्या मनांग गावात किंवा जेथे असाल त्या लॉजमध्येच थांबावे. त्यासाठी सोलापूरच्या परतीच्या गाडीचे आरक्षण करतानाच हाताशी दोन-तीन दिवस मोकळे राहतील अशी तारीख निवडावी.